खांड बुजवायची कोणी?

माझ्या आजोळचे शेत आता कागदावर शेत आणि जागेवर जंगल आहे. अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीच्या एका फाट्याला लागून, मामाच्या नावावर दीड एकर भातजमीन आहे. सातबारा काढला की त्याचे नाव येते. प्रत्यक्ष जावे तर गुडघाभर चिखल, त्यातून बोटांसारखी वर आलेली तिवरांची मुळे, इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या निवट्या आणि माणसाहून उंच झाडी. याच जागी लहानपणी मी भात कापल्यानंतरच्या ओलीवर पेरलेल्या वालाच्या शेंगा तोडल्या आहेत, आणि बांधावरून धावताना पडून गुडघेही फोडून घेतले आहेत.

चार वर्षांपूर्वी मामाबरोबर तिथे उभी होते. बाहेरचा बांध फुटून बरीच वर्षे झाली होती. मी शहरातून आलेली, पक्षी-पर्यावरणाचे चार लेख वाचलेली. मी म्हणाले, "मामा, झाडी किती छान वाढली आहे." मामा हसला नाही. म्हणाला, "बाय, तू इतिहास शिकवतेस ना? मग सांग, ही जमीन पहिली काय होती?"

प्रश्न साधा वाटला. उत्तर शोधायला लागले आणि दोन वर्षे गेली. पाणथळ जागांचे नुकसान आणि त्यांचे पुनरुज्जीवन यांवर आपण बोलतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो: अशी जागा मूळची एक होती, माणसाने ती बिघडवली, आता ती पूर्ववत करायची. खारेपाटात हे गृहीतक टिकत नाही. पूर्ववत म्हणजे कोणत्या सालासारखे, हे आधी ठरवावे लागते.

मामाच्या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर त्याला आवडणार नाही असे आहे. ही जमीन पहिली खाडीच होती. भरतीला पाण्याखाली जाणारी, ओहोटीला उघडी पडणारी, तिवर आणि चिपीने भरलेली. आमच्याच पूर्वजांनी ती झाडे तोडली आणि चिखल, दगड, पेंढा यांचा बांध घालून समुद्राला बाहेर ठेवले. आजच्या कायद्याच्या भाषेत बोलायचे तर माझ्या पणजोबांच्या पणजोबांनी कांदळवनाचा ऱ्हास केला.

पण त्यांनी तो कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. खारजमिनीच्या बांधाला एक दार असते. आमच्याकडे त्याला उघाडी म्हणतात. लाकडी फळीचे हे दार बाहेरच्या अंगाला असे टांगलेले असते की भरतीचे पाणी चढले की पाण्याच्याच दाबाने ते मिटते, आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. दिवसातून दोनदा, कोणीही हात न लावता. पावसाळ्यात वरून पडलेले पाणी शेतातले मीठ विरघळवते आणि उघाडीतून बाहेर नेते. नवी जमीन अशी दोन-तीन पावसाळे धुतली गेली की तिच्यात खाऱ्याला दाद न देणारे भात उभे राहते. काळा राता, भुरा राता ही तिथली जुनी वाणे. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल १', 'पनवेल २' अशी सुधारित वाणे दिली. शेताच्या खोलगट कोपऱ्यात जिताडा वाढे, चरात चिंबोऱ्या मिळत, बगळे येत. म्हणजे पाणथळ जागा नाहीशी झाली नव्हती, तिचा स्वभाव बदलला होता. समुद्राशी असलेले नाते तोडलेले नव्हते. त्याला वेळापत्रक लावले होते.

हे वेळापत्रक फुकट चालत नाही. खेकडे आणि उंदीर बांध पोखरतात. उधाणाच्या भरतीला लाट वरून जाते. एका ठिकाणी बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात, आणि खांड पुढच्या ओहोटीत बुजवली नाही तर ती स्वतःच रुंदावते. म्हणून एका बांधाआडच्या सगळ्या शेतकऱ्यांची सामायिक व्यवस्था असे. तिला जोळ म्हणत. घरटी माणूस बांधावर आला पाहिजे, हा नियम. आईच्या लहानपणी रात्री हाळी ऐकू आली की गावातले पुरुष फावडी-घमेली घेऊन निघत आणि बायका कंदील धरत. खांड बुजवणे दिवस-रात्र पाहत नसे, भरती-ओहोटी पाहत असे. मोठे काम मात्र भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, पाणी कमी चढते तेव्हा काढायचे.

ही पद्धत आमच्या गावापुरती नाही. गोव्याच्या खाजण जमिनी तिची थोरली बहीण. कोकणातल्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्मन राजाच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचा उल्लेख येतो. म्हणजे खाजणाचा इतिहास सहाव्या-सातव्या शतकापर्यंत मागे जातो. तिथे उघाडीला मानस म्हणतात, बांधाची जबाबदारी गावकरी संस्थेची, म्हणजे पुढच्या कोमुनिदादीची, आणि मानशीवर मासे पकडण्याच्या हक्काचा लिलाव करून येणारे उत्पन्न गावाचे. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालमध्ये गावकऱ्यांचे रिवाज लिहून घेतले. शहाणपण असे, की मोडण्याऐवजी नोंदवले; अर्थात त्यातून महसूल मिळत होता म्हणून.

उत्तर कोकणात इंग्रजांनीही महसूलच पाहिला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा-जंजिऱ्याचा खंड १८८३ मध्ये निघाला. त्यात शिलोत्री जमिनींचे, म्हणजे खाडीतून बांध घालून मिळवलेल्या जमिनींचे वर्णन आहे. सरकारच्या लेखी बांध न घातलेली खाडीकाठची जमीन पडीक. ती लागवडीखाली आणणाऱ्याला सुरुवातीची काही वर्षे सारा माफ. एकाच चिखलाला कोळ्याच्या भाषेत चिंबोरीची आणि कोलमाची जागा म्हणत, आगऱ्याच्या भाषेत होऊ घातलेले शेत म्हणत आणि दप्तराच्या भाषेत 'काही नाही' म्हणत. पुढच्या दीडशे वर्षांत जे झाले त्याचे बीज मला या तिसऱ्या भाषेत दिसते.

पण जोळीला फार सोनेरी रंग देऊ नये, अशी सूचना मी स्वतःलाच वारंवार केली. बांध घालणारे हात कुळांचे होते आणि कोठारे खोतांची. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. चरी-कोपरचा हा शेतकरी संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालला. जंगलातला लाकूडफाटा आणि खाडीतले मासे यांवर लोकांनी दिवस काढले. शेत ओस असताना कुळांना जगवले ते न बांधलेल्या खाडीने, ही गोष्ट संपाच्या इतिहासात सहसा कोणी अधोरेखित करत नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा अधिक व्यापक कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या पायऱ्यांनी कुळे मालक झाली. माझ्या आजोबांचे नाव सातबाऱ्यावर आले ते याच ओघात. तो उतारा आजीने कुंकवाचा टिळा लावून देव्हाऱ्यात ठेवला होता, असे आई सांगते.

त्याच काळात दुसरा कायदा झाला, त्याची फारशी चर्चा होत नाही. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने बांधांच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी मंडळ उभे केले. १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. हेतू चांगला होता. मातीचे बांध पक्के करायचे, उघाड्या सिमेंटच्या करायच्या. परंतु बांध आता शासकीय योजनेचा किंवा खासगी असा झाला. योजनेच्या यादीत असलेल्या बांधाला निधी मंजूर व्हावा लागे, निविदा निघावी लागे. यादीत नसलेल्याला कोणीच वाली नाही. खांड पडायची आषाढातल्या उधाणाला आणि फाइल हलायची दिवाळीनंतर. ज्या शेतकऱ्याचा बाप हाळी ऐकून उठायचा, तो आता अर्ज लिहायचा. आमच्या मामाने लिहिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. मी मोजल्या, एकवीस आहेत.

सगळा दोष सरकारवर टाकणे सोपे आहे, आणि खारेपाटात ते आवडीने केले जाते. मला तसे वाटत नाही. कुळांना मालकी मिळाली ती तुकड्या-तुकड्याची. बांधाची सामायिक मालकी कोणाच्याच उताऱ्यावर आली नाही. मुलगे मुंबईला, नंतर नवी मुंबईला, कारखान्यांत, रिक्षांवर गेले. एका भातपिकावर घर चालेना. ज्याचे शेत आत, खाडीपासून लांब, त्याला बांधाची घाई नाही. ज्याचे शेत बांधालगत, तो एकटा काय करणार? धरमतर खाडीतून मालवाहू बार्ज धावू लागल्यावर त्यांच्या लाटांनी बांध खचतात, ही शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. रेतीउपशाने काठ ढासळले ते वेगळेच. एक गोष्ट मात्र निसर्गाची: बांधाबाहेर खाडी गाळ टाकत राहते आणि तिचा तळ वर येतो, आत गाळ येत नाही म्हणून शेत खालीच राहते. त्यामुळे बांध जितका जुना, तितके खांड पडल्यावर आत शिरणारे पाणी खोल.

गोव्यातही शेवटी वाट हीच, फक्त वळणे निराळी. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे गेली. दरम्यान कोळंबीला भाताहून कितीतरी जास्त भाव आला. मानशीच्या लिलावात मोठी बोली लावणाऱ्याला खारे पाणी आत हवे असते, शेतकऱ्याला बाहेर. काही ठिकाणी मानशी मुद्दाम उघड्या ठेवल्या गेल्या, काही ठिकाणी बांध फोडले गेले. गोव्यात खाजण जमीन अठरा हजार हेक्टरांच्या आसपास मानली जाते. तिच्यातल्या बऱ्याच भागावर आज भात नाही.

खारेपाटाच्या उत्तर टोकाचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे, फक्त त्याला खारेपाट म्हणून कोणी ओळखत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची भातशेती, मिठागरे, खाजणे मिळून नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई-नवघर परिसरात पाच माणसे गोळीबारात गेली; साडेबारा टक्के विकसित जमिनीचे धोरण त्यातून आले. या शहरातली एक गोष्ट पाहून मी थबकले. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली असल्याने डच धर्तीवर धारण तलाव ठेवले आहेत. त्यांना झडपा आहेत. भरतीला झडप मिटते, पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटीला झडप उघडून ते खाडीत जाते. ही उघाडीच आहे! शेतकऱ्याकडून घेतलेल्या जमिनीवर शेतकऱ्याचीच युक्ती, परदेशी नावाने. आणि पुढचे त्याहून मजेशीर. तलावांत गाळ साचला, गाळात तिवर उगवले, आणि तिवर काढायला बंदी असल्यामुळे गाळ काढणे अडले. शहराची आणि मामाच्या शेताची अडचण अगदी एकच आहे.

बंदी का आली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने, भराव घालून अरुंद केलेल्या आपल्या पात्राची आठवण करून दिली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाची तोड थांबवली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने तो मनाई हुकूम पक्का केला, कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला आणि जिथे तोड झाली तिथे ते पुन्हा उभे करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. हे नसते तर मुंबईच्या खाडीकाठचे काय उरले असते, याची कल्पना करवत नाही. डेब्रिज टाकणाऱ्या ट्रकांना या निकालांशिवाय दुसरे कोणतेही कुंपण नव्हते.

पण मुंबईसाठी योग्य असलेले औषध खारेपाटाला त्याच मात्रेत दिले गेले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचे कांदळवन २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर, २०१७ मध्ये ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४ असे वाढलेले दिसते. आकडा आनंदाचा आहे. त्यात जपणूक आहे, लागवड आहे, आणि माझ्या मामाचे दीड एकरही आहे. खांड न बुजल्यामुळे बुडालेले शेत आणि जपून वाढवलेले वन यांना त्या तक्त्यात वेगळे रकाने नाहीत. उपग्रहाला दोन्ही हिरवेच दिसते. न्यायालयाच्या आदेशानुसार खासगी जमिनीवरचे कांदळवनही वनच. म्हणजे तिवर उगवायच्या आधी बांध दुरुस्त झाला तर शेत, आणि फाइलीला उशीर झाला तर जंगल. मालक मात्र सातबाऱ्यावर तोच.

यावर काही पर्यावरणवादी मित्र म्हणतात, मूळची खाडीच होती ना, मग समुद्राने आपले परत घेतले, यात वाईट काय? हा युक्तिवाद मुंबईतल्या नरिमन पॉइंटला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाला कोणी लावत नाही. तिथली भरणी फार जुनी नाही, तरीही ती 'जमीन' झाली. खारेपाटात पिढ्यान् पिढ्या भात पिकवूनही जमीन तात्पुरतीच ठरते.

यामागे एक व्याख्या आहे. १९७१ च्या रामसर कराराने पाणथळ जागेत नैसर्गिक आणि मानवनिर्मित दोन्ही धरल्या. २००८ मध्ये त्याच कराराच्या परिषदेने भातखाचरांनाही पाणथळ परिसंस्था म्हणून वेगळा ठराव करून मान दिला. आपल्याकडे २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून भातशेती आणि मिठागरे स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. त्यामुळे आमचे शेत शेत होते तेव्हा पाणथळ म्हणून संरक्षणाला अपात्र; त्यावर कोणी वीजप्रकल्प आणला किंवा विशेष आर्थिक क्षेत्राची आखणी केली, तर ती खारी, एकपिकी, म्हणजे हलकी जमीन. (सप्टेंबर २००८ मध्ये पेण भागातल्या २२ गावांत अशा क्षेत्रावर शासनाने जनमत घेतले, ते हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती म्हणून. गोड्या पाण्याच्या कालव्याने त्या जमिनीला किंमत आली. बांधाने येऊ शकली नव्हती.) शेत मेल्यावर मात्र तीच जागा अनमोल वन झाली. गोव्याने निदान एक गोष्ट पदरात पाडून घेतली: २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खाजण जमिनींचा नावानिशी उल्लेख आहे, त्यांचे नकाशे करून त्यांचे रक्षण करावे असे म्हटले आहे. रायगडच्या खारजमिनीला असे नाव मिळालेले नाही.

पुनरुज्जीवन म्हणजे हात काढून घेणे, असे आपल्याला वाटते. ओडिशाच्या चिलिका सरोवराचे उदाहरण त्याच्या उलट आहे. गाळाने समुद्राकडचे मुख बुजत गेले, खारटपणा उतरला, पाणवनस्पतींनी पृष्ठभाग व्यापला, मासळी घटली आणि १९९३ मध्ये चिलिका रामसरच्या धोक्यातल्या जागांच्या नोंदीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख कापून काढले. खारे पाणी परत आले, मासळी परत आली, २००२ मध्ये त्या नोंदीतून नाव निघाले. तिथे ते वाचले ते माणसाने समुद्राला दार करून दिल्यामुळे. ते दार केव्हा, किती उघडे असावे, याची देखरेख आजही करावी लागते.

मामाचे दीड एकर पुन्हा शेत व्हावे का? मी आता त्याबद्दल पूर्वीइतकी ठाम नाही. तिथली झाडी पंधरा वर्षांची आहे, तिच्यात चिंबोऱ्या आहेत, तिने मागच्या रांगेतल्या शेतांसमोरची लाट मोडली आहे. ती तोडा असे माझ्या तोंडून निघणार नाही. कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत खेकडापालन आहे. ज्याची जमीन बुडाली त्याचा त्यावर पहिला हक्क असावा, आणि त्याला वनाचा राखणदार नव्हे तर मालक म्हणून मोबदला मिळावा. पण आजही उभ्या असलेल्या बांधांआड जी शेती जिवंत आहे, तिच्यासाठी आषाढातली खांड आषाढातच बुजवता येईल अशी सोय लागेल. ती सोय पुन्हा गावातच असावी लागेल, पैसा सरकारचा असला तरी. पोचपावत्यांनी बांध उभा राहत नाही, आणि केवळ हाळीनेही आता राहणार नाही, कारण हाळी ऐकायला गावात तरुण माणूस नसतो.

या वर्षी आषाढात मागच्या रांगेच्या बांधाला खांड पडल्याचा मामाचा फोन आला. अर्ज गेला होता, माणूस पाहून गेला होता. मी विचारले, आता काय करणार? म्हणाला, बारा घरांनी पैसे काढलेत, जेसीबी बांधावर चढत नाही, म्हणून पेणहून मजूर सांगितलेत. मग थोडे थांबून, "नवमीला भांग आहे. सुट्टी मिळाली तर ये. घमेली आहेत घरात."

मी गेले. खांड वीसेक हात होती. दुपारी पाणी उतरल्यावर काम सुरू झाले आणि भरती यायच्या आत चिखलाची शेवटची रास पडली. उघाडीची फळी मिटताना लाकडाचा आवाज झाला तेव्हा मामाने घड्याळात पाहिले आणि बाराही घरांची नावे माझ्याकडून वहीत लिहून घेतली.